माणसाला पंधरा, गाडीला दहा

१४ नोव्हेंबर

डिझेलची गाडी गेली! सकाळी ऑफिसच्या अंगणात तिच्या जागी एक पांढरी, गुबगुबीत, मुकी गाडी उभी. नगरपालिकेने घरोघर जाणाऱ्या आम्हा सगळ्या नर्सना विजेच्या गाड्या दिल्या आहेत. शहरात फिरणाऱ्यांचं ठीक आहे. माझी फेरी खाडीच्या काठाने अठ्ठावन्न किलोमीटर. वाटेत चार म्हातारी माणसं आणि पाचवे अगदी टोकाला, जिथे रस्ताच संपतो तिथे – हिल्मारकाका. जाऊन-येऊन एकशे सोळा. उणे अठरात, समोरून वारा असताना!

रग्नाला म्हटलं, "ही तिथवर जाईल गं, पण परत कोण आणणार?"

रग्ना आमची प्रमुख. म्हणाली, "तेच तर बघायचंय."

१५ नोव्हेंबर

काय बघायचंय ते आज कळलं. जानेवारी संपेपर्यंत मी वही ठेवायची. काकांकडे किती टक्क्यांवर पोचले, तिथे किती भरले, किती वेळ लागला. वीस टक्क्यांच्या खाली परत यायचं नाही, असा नियम. जमलं तर टोकाची फेरी चालू राहील. नाही जमलं तर काकांना शहरातल्या वृद्धनिवासात यावं लागेल.

काका जन्मभर मासळीच्या कारखान्यात वायरमन होते. त्यांच्या घराला लागून बोट ठेवायची शेड आहे. त्या बोटघराच्या भिंतीवर वेल्डिंगसाठी बसवलेला मोठा निळा सॉकेट आहे. नगरपालिकेच्या इलेक्ट्रिशियनने तो पाहिला आणि म्हणाला, मस्त आहे, अर्ध्या तासात नऊ-दहा टक्के देईल. रग्नाने लगेच हिशेब बसवला – "माणसाला पंधरा मिनिटं, गाडीला दहा. पंचविसाव्या मिनिटाला तू बाहेर."

काकांना वहीचं सांगायचं नाही, असं मी ठरवलं आहे. शहाऐंशी वर्षांचा माणूस. 'या घरातून मी आडवाच निघणार' हे दर आठवड्याला ऐकवतात. उगाच जिवाला घोर कशाला?

१९ नोव्हेंबर

काकांनी खिडकीतून गाडी पाहिली. "हा टोस्टर कुठून आणलास?"

"सरकारी आहे, काका."

"ब्रेड भाजून देतो का तरी?"

गाडी बोटघराच्या आडोशाला लावते, वारा लागू नये म्हणून. खिडकीतून दिसत नाही. केबल थंडीने इतकी ताठ झालेली की गुडघा लावून वाकवावी लागली. झाकणावर बर्फ. तळहात दाबून वितळवला आणि मग नऊच्या नऊ बोटं बधिर! (दहावं तोंडात होतं.) पोचले ५४ वर, पंचवीस मिनिटांत भरले ८. इलेक्ट्रिशियन खरं बोलला.

२६ नोव्हेंबर

सूर्य गेला. इतक्या उत्तरेला तो आता उगवणार जानेवारीतच.

३ डिसेंबर

उणे सतरा. पोचले ५१ वर. पायांत घट्ट मोजे चढवले, डोळ्यांत थेंब घातले, सुई दिली, कपाळावर हात फिरवला. पंधरा मिनिटं. मग गाडीची दहा. बाहेर येऊन पाहते तो फक्त २ टक्के चढलेले! दिवा लुकलुकतोय, सगळं नीट, पण चढत नाही. परत आत आले.

"काय झालं?"

"टोस्टर खात नाहीये."

"थंडी आहे. बॅटरीला थंडीत भूक लागत नाही," काका म्हणाले. वायरमन माणूस, त्यांना कळणार. "बस. कॉफी आहे."

किटलीत उकळलेली काळी कॉफी. लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीच्या, घड्या, मध्ये लोणी-साखर. बसले. तासभर लागला.

५ डिसेंबर

भरले ३. बावन्न मिनिटं.

९ डिसेंबर

येताना हीटर बंद ठेवला, टक्के वाचवायला. फक्त सीट गरम. श्वासाचं काचेवर आतून बर्फ! एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने खरवडणं. वाटेतल्या आगोटबाई म्हणाल्या, "बये, नाक निळं झालंय. आजारी कोण, तू की मी?" डिझेलची सय आली. पण तिचा वास कोटाला यायचा, हेही खरं.

शहरात परत आले तेव्हा १९. एक टक्का कमी. लिहावं की नाही? लिहिलं.

१३ डिसेंबर

सत्तर मिनिटं. काकांनी आज त्यांच्या बायकोचं सांगितलं, उन्नीचं. तिने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खांबावर चढलेले, आणि तिने खाली उभं राहून शिडी काढून घेतली. "खाली यायचं तर आधी नाव सांग म्हणाली. उणे दहात! सांगितलं. मग आडनाव विचारलं." हसताना काकांना खोकला आला. पाणी दिलं.

आमच्याकडची माणसं 'थांब' म्हणत नाहीत. काका तर मुळीच नाहीत. निघताना म्हणतात, "वारा वाढतोय." बस, तेवढंच.

२० डिसेंबर

मी जेवते कुठे, हा विचार आज मनात आला. गाडीत. डबा मांडीवर, इंजिन नाही म्हणून ऊबही नाही. घरी संध्याकाळी ओट्याशी उभी राहून. लेक दक्षिणेला, नवरा त्याच्या नव्या घरी. टेबलाशी बसून, समोर कुणीतरी असताना, मी फक्त हिल्मारकाकांकडे खाते! पंचवीस वर्षं लोकांच्या घरात शिरतेय आणि बसले आत्ता. टोस्टरच्या कृपेने.

२ जानेवारी

भरले २. एक तास दहा.

९ जानेवारी

रग्नाने वही चाळली. भुवया चढल्या. "नोव्हेंबरात पंचवीस मिनिटांत आठ, आणि आता तासात तीन? इलेक्ट्रिशियनला पाठवू का एकदा?"

मी म्हटलं, "कशाला? थंडी आहे. बॅटरीला भूक लागत नाही."

का म्हटलं असं? माहीत नाही. तो येता तर बरंच झालं असतं. पण तोंडातून गेलं खरं.

१७ जानेवारी

सूर्य! दुपारी चार मिनिटं, डोंगराच्या खाचेतून. काकांना खुर्चीसकट खिडकीशी न्यायला निघाले, तर खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसले. "खुर्ची हलवायची नाही." "अहो, सूर्य आलाय!" "आला तर येईल इथवर." हट्टी! मग मीच एकटी खिडकीशी उभी राहिले आणि तिथून त्यांना सांगत राहिले – आला, आला, गेला.

४ फेब्रुवारी

निर्णय झाला. रग्नाने दार लावून घेतलं तेव्हाच कळलं. एकोणचाळीस फेऱ्या. त्यांतल्या एकतीस वेळा तासाच्या वर, अकरा वेळा वीस टक्क्यांच्या खाली. "तुझ्याच वहीतले आकडे आहेत, गुनवोर. मी काही मनाने लिहिलेले नाहीत." हो, माझ्याच वहीतले. माझ्याच अक्षरात. तीन आठवड्यांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, असं तिने नियमाप्रमाणे सांगितलं. कशाच्या जोरावर करणार?

मी सांगते त्यांना, म्हटलं. दुसऱ्या कुणी सांगायला नको.

६ फेब्रुवारी

सांगितलं. मोजे चढवता चढवता, मान खाली घालून. वहीचंही सांगितलं. "काका, गाडीला तुमच्याकडे पुरेसं भरून मिळत नाही. फेरी बंद होतेय. शहरात खोली तयार आहे, खाडीकडे तोंड असलेली."

मला वाटलं होतं ओरडतील. आडवाच निघणार म्हणतील. काही नाही. वर पाहिलं तर कान लाल झालेले, मानेपर्यंत. मग म्हणाले, "गाडीत दोष नाही. गाडी चांगली आहे."

चांगली! तीन महिने टोस्टर म्हणणारा माणूस! दुःखाने भांबावले असतील, असं वाटलं. परत येताना मी रडले, काचेवर आणखी बर्फ. स्वतःचाच राग आला. नोव्हेंबरातच वहीचं सांगितलं असतं तर निदान मनाची तयारी झाली असती.

१० फेब्रुवारी

काकांना शहरात आणलं. माझ्याच गाडीतून. निघताना त्यांनी स्वतः घरभर फिरून सगळे दिवे, सगळी बटणं बंद केली. आडवे नाही, उभे निघाले. वाटेत टक्क्यांच्या आकड्याकडे बघत बसले होते.

१५ फेब्रुवारी

रात्रीचे बारा वाजलेत. पण आजचं आजच लिहायला हवं.

काकांचा रेडिओ आणायला घरी गेले होते. उणे एकोणीस. सवयीने निळ्या सॉकेटला केबल लावली. दिवा लागेना. मेलेला. काकांनी सगळं बंद केलं होतं, आठवलं. मग याचं बटण कुठे? बोटघरात नाही. वायरमागोमाग गेले – भिंतीतून आत, पलंगाखालून, आणि काकांच्या खुर्चीमागे. हाताच्या उंचीवर, मेंढीच्या कातड्याच्या आड, एक जाड खटका. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी – 'बोटघर'. खटक्याचा रंग बोटं लागून लागून गेलेला. आतलं पितळ दिसतंय, घासल्यासारखं लखलखीत.

वर केला, चालू झाला. त्यांच्या खुर्चीत बसले, पाहावं म्हणून. उजवा हात आपसूक खाली सोडला, तो बरोबर खटक्यावर!

अर्धा तास घड्याळ लावून बसले. उणे एकोणीसमध्ये, वारा असताना – ९ टक्के. बॅटरीला चांगली भूक आहे.

म्हणजे मी मोजे चढवायला वाकायची आणि ते खटका खाली ओढून बंद करायचे. मी कोट-बूट चढवायला उठले की परत वर. बाहेर जाईपर्यंत दिवा लुकलुकायला लागलेला. म्हणून खुर्ची हलवू दिली नाही. म्हणून कान लाल. त्यांना काय ठाऊक, प्रत्येक तासागणिक मी वहीत त्यांचं घर त्यांच्या हातून काढून घेतेय! मी वही लपवली, त्यांनी खटका. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं!

१६ फेब्रुवारी

झोप नीट नाही. एक गोष्ट खरी लिहायची, इथे तरी. इलेक्ट्रिशियन नको, असं मी म्हटलं. मीच. नोव्हेंबरात आठ चढत होते हे मला माहीत होतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकी बावळट मी कधीच नव्हते. मला कळून घ्यायचं नव्हतं. त्यांना जे हवं होतं तेच मलाही हवं होतं, आणि किंमत फक्त त्यांनी दिली.

१७ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. कारण लिहावं लागतं. काका लबाड ठरतात नाहीतर मी मूर्ख. लिहिलं – 'घरातला खटका चालू करायचा असतो हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी. फेरी पुन्हा तपासावी.'

रग्ना माझ्याकडे बघतच राहिली. "तीन महिने? खटका बंद आणि तुला पत्ता नाही?"

"नाही."

"मग नोव्हेंबरातले आठ आणि नंतरचे दोन-तीन टक्के तरी कुठून चढत होते?"

आली का पंचाईत! म्हटलं, "मधूनच लागत असेल. जुना आहे." तिने अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग शिक्का मारला. तिलाही आई आहे.

२४ फेब्रुवारी

आठवडाभर रोज रिकाम्या घरी जाऊन गाडी लावली. आठ, नऊ, आठ, नऊ, नऊ. एकदाही तीस मिनिटांच्या वर नाही, एकदाही विसाच्या खाली नाही. रिकाम्या घरात कॉफी केली नाही. उभीच राहिले.

२७ फेब्रुवारी

मंजूर! टोकाची फेरी चालू. रग्नाने वृद्धनिवासात जाऊन काकांना स्वतः सांगितलं, मी शेजारी. "या तुमच्या गुनवोरने खटकाच चालू केला नव्हता, आजोबा! नुसतीच केबल लावून कॉफी पीत बसायची."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर. रग्ना गेल्यावर काकांनी खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्या नोकरीवर आलं का?"

"नाही."

"कागदावर काही?"

"एक ओळ."

मान हलवली. खटक्याचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

३ मार्च

काका घरी. लख्ख ऊन, उणे चार, पागोळ्या गळताहेत. पोचले तेव्हा ६८ – भरायची गरजच नव्हती. तरी केबल लावली. आत गेले तर काका खुर्चीत ताठ, दोन्ही हात टेबलावर पसरून, मला दिसतील असे. माझी पंधरा मिनिटं झाली. मग डबा काढला. जेवणाची सुट्टी अर्धा तास असते आणि ती कुठे घ्यायची हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. किटली आणायला त्यांच्या खुर्चीमागून जाताना मी हात घातला आणि खटका खाली केला. खट्ट!

काका खाकरले. खिडकीबाहेरच्या पागोळ्यांकडे बघत म्हणाले, "थंडी फार आहे. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हटलं.