बेचिराख गावातला दिवा

प्रिय अप्पा,

आज दुपारी मी ऑफिसात मोठ्यानं ओरडले. मी! जिला तुम्ही पाहुण्यांपुढं "आमची मुकी" म्हणायचात, ती. आजूबाजूची माणसं उठून बघायला आली. खरं तर पहिला फोन तुम्हाला करायचा होता. तो करता येत नाही, म्हणून लिहितेय.

तो ढग आठवतो ना? दिवाळीत बिलोलीला आले होते तेव्हा मोबाईलवर दाखवला होता. खूप दूरचा, हायड्रोजन वायूचा. आमच्या रेडिओ दुर्बिणीला तो अख्ख्या दीर्घिकेसारखा फिरताना कळत होता, पण साध्या फोटोत त्या जागी एकही तारा नव्हता. अशा अंधाऱ्या दीर्घिका खरंच असतात का, तेच तर आम्ही शोधतो.

तुम्ही चष्मा पुसून बघितलं. "हे तर आपल्या शिवारासारखं बेचिराख गाव हाय."

किती बरोबर बोललात! आपलं शेत ज्या गावात आहे ते पूर्वी कधीतरी रोगराईत उठलं. शीव आहे, विहीर आहे, मारुतीचं देऊळ आहे, घरांची जोती आहेत, सरकारी नकाशात नाव आहे. राहायला कुणी नाही.

"तसंच, अप्पा! वायू आहे, दिवे नाहीत."

"पण मारुतीपुढं दिवा असतोच की."

"तो तुम्ही लावता. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला."

"मंग? लावणारा एखादा असतोच गं माय. तू नीट बघितलं न्हाईस."

आई आतून ओरडली, "बाप-लेकीनं भांडण आभाळात नेलं का? जेवायला या!"

मग पैज लागली. तुम्ही हरलात तर पुण्याला येऊन माझं भाषण शेवटपर्यंत ऐकायचं, झोपायचं नाही. मी हरले तर पाडव्याला तेल घेऊन, घरापासून पायी जाऊन मारुतीला दिवा लावायचा. "अन् रजा न्हाई म्हणायचं न्हाई." दर वर्षी मी तेच म्हणायची ना!

मला जिंकायचं होतं, अप्पा. फार. पण निकालाआधीच तुम्ही गेलात. तेराव्याला काकांनी विचारलं, "आता मारुतीला दिवा कोण लावणार?" मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परतले.

आज मोठ्या दुर्बिणीचा फोटो आला. तासन्‌तास प्रकाश गोळा करून काढलेला. ढगाच्या मधोमध फिकट निळसर डाग! तारे, अप्पा! थोडेसेच, पण तारे. सोबतच्या वर्णपटातून मोजलेला त्यांचा वेगही वायूच्या वेगाशी जुळला; तारे त्या ढगातलेच. म्हणजे ती अंधारी नाही. वायूनं भरलेली, अगदी मंद अशी बटू दीर्घिका आहे ती, आजवर कुणालाच न दिसलेली.

मी हरले! हरल्यावर इतका आनंद होतो हे मला कुठं माहीत होतं?

थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? "म्हटलं नव्हतं?" म्हणून वर्षभर पिडलं असतंत मला. तेवढं राहिलंच.

रजेचा अर्ज आजच टाकला. आईला कळवलं, तर म्हणाली, "उन्हाचं पायी कशाला? रिक्षा कर." नाही. पैज म्हणजे पैज. या पाडव्याला मी पायी जाणार, आणि पुढच्या प्रत्येक पाडव्यालाही. दुरून कुणी नीट बघितलंच, तर आपल्या गावात त्याला दिवा दिसेल.

तुमची,
मुकी