लख्ख लाइटिंगचे शेअर

३ मार्च २०१६, किनवट

जावई आले आणि गेलेसुद्धा. चहा अर्धा टाकून! लातूरहून खोकंभर एलईडी बल्ब आणले होते. स्टुलावर चढून घरातले सगळे बल्ब स्वतः बदलले. "मामी, लाइटबिल निम्म्यावर येतं का न्हाई बघा." मग हळूच — कंपनीचे शेअर काढून राहिलो, आधी घरच्या माणसांना विचारतो. लख्ख लाइटिंग! नाव त्यांनीच ठेवलेलं. अमृतराव गोड बोलतात. लग्नाच्या बोलणीतही असंच गोड बोलले होते.

पंचशीला का नाही आली, विचारलं. म्हणे, कामात हाय.

४ मार्च

उजेड चांगलाय. पांढराशुभ्र. भिंतीचे पोपडे दिसायला लागले.

९ मार्च

अण्णाराव आणि तारामती येऊन बसले. तारामती माझ्याबरोबर मुलींच्या वसतिगृहात कामाला होती, मी अधीक्षिका होते तेव्हा. अण्णाराव वीज कचेरीतून रिटायर झालेले. जावई जाताना दोघांच्याही घरी होऊन गेले म्हणे. मला बोलले नाहीत!

अण्णाराव खुशीत. "किनवट जिल्हा झाला की बघा. नवीन कचेऱ्या, क्वार्टर, रस्त्यावर खांब. समदीकडं बल्ब लागणार का न्हाई?" जिल्हा होणार हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकते. पण त्यांचा चेहरा बघून बोलले नाही.

तारामती म्हणाली, "बाई, तुमी घेतले तर आमी घेतो. तुमची लेकच हाय तिथं."

माझ्या एका शब्दावर दोन घरं! हे गेल्यापासून सगळे निर्णय एकटीनं घेतले, पण ते माझ्यापुरते होते.

१५ मार्च

पंचशीलाचा फोन. "आई, घेऊन टाक ना शेअर." मागं कुणीतरी खाकरलं. नळाला पाणी कधी येतं, विचारलं. "महिना झाला, आलंच न्हाई." आवाज तिचा, बोलणं तिचं नाही.

२ एप्रिल, लातूर

न सांगता आले. शेअर घ्यायचे तर कारखाना बघायला नको? — हे कारण. खरं कारण पोरीला बघायचं.

बसमधून उतरले तर गावभर घागरी. पाण्याच्या टाकीजवळ पोलीस उभे! पाण्याला पहारा कधी बघितला नव्हता.

पंचशीलानं दार उघडलं आणि दारातच थबकली. वाळली आहे. बोटांची सालपटं निघालेली. "काय झालं गं?" "भांड्यांची पावडर, आई." हाताला उग्र वास. भांड्यांच्या पावडरीला असा वास येत नाही.

अंघोळीला तांब्याभर पाणी. परातीत पाट ठेवून त्यावर बसायचं, परातीत साठलेलं पाणी मग फरशी पुसायला.

३ एप्रिल

आज अमृतराव उस्मानाबादला गेले होते. मी पंचशीलाला म्हटलं, चल, कारखाना दाखव. ती नको नको म्हणत होती. मी चपला घातल्या.

पत्र्याचं शेड. आत चार बाया जमिनीवर बसलेल्या. समोर खोकी — दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची, परराज्यातून आलेली. बाया थिनरच्या चिंधीनं बल्बवरचं नाव पुसत होत्या आणि वर शिक्का मारत होत्या. लख्ख! बल्ब बनवायचं एकही यंत्र नाही. मधोमध बसायचं एक रिकामं बसकर. चिंधी तिथंच पडलेली. कुणाची, ते विचारायची गरज नव्हती.

"पंचशीला, इथं बनतं काय?"

तिनं खाली बघितलं. "काही न्हाई, आई."

"मग शेअर कशाचे?"

बाया ऐकत होत्या. तिनं माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. "तू शेडवर आली होतीस म्हणून सांगू नको त्यांना. तुझ्या पाया पडते."

पाया पडते! पोरगी माझी अशी कधीच नव्हती. सोबत चल म्हटलं, तर मान हलवली. "आत्ता न्हाई."

७ एप्रिल, किनवट

जेवण जात नाही. खरं सांगितलं तर पोरीचे हाल. नाही सांगितलं तर तारामती बुडते, अण्णाराव बुडतात. मला खोकला झालाय असं सगळ्यांना सांगते आणि घरात बसते. भित्री!

१२ एप्रिल

टीव्हीवर लातूरला पाण्याची रेल्वे पोचली. लोक हार घालत होते इंजिनाला. गर्दीत पंचशीला दिसते का बघत बसले.

१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, ढोल, सगळं किनवट रस्त्यावर. मी वंदनेला उभी राहिले. तारामतीनं विचारलं, "बाई, रविवारचं शेअरचं नक्की ना? जावई येणार हायत." हाव म्हणाले. कशाला म्हणाले!

१७ एप्रिल

अण्णारावांच्या ओसरीवर बसलो. अमृतराव, आम्ही तिघं. त्यांनी सगळं समजावलं — विजेची बचत, नवा जिल्हा, सरकारी मागणी. अण्णारावांनी पेन काढलं.

मी म्हणाले, "थांबा."

सांगितलं सगळं. बल्ब लातुरात बनत नाहीत. नाव पुसून विकतात. मी डोळ्यांनी बघितलं.

अण्णारावांनी पेन खिशात ठेवलं. तारामतीनं पदर तोंडाला लावला.

अमृतराव हसले. हसले! उठता उठता माझ्याजवळ वाकले. "मामी, पुसायचं काम तुमच्या लेकीचंच हाय. ध्यानात ठेवा."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

१८ एप्रिल

पंचशीलाचा फोन बंद.

१९ एप्रिल

अजून बंद. तिच्या शेजारणीच्या फोनवर केला — "दाराला कुलूप हाय, मावशी." काय केलं मी! ओसरीवर खरं बोलले, आणि त्याची किंमत ती भरत असेल. तारामती आली, मुकाट्यानं भाकरी करून गेली. उद्या पहिल्या गाडीनं लातूर. अण्णाराव सोबत येतो म्हणाले.

२० एप्रिल

गेलो नाही. निघायला दार उघडलं तर पायरीवर पंचशीला. पायात चपला नाहीत.

"आई, कंपनी माझ्या नावावर हाय. समद्या सह्या माझ्या. त्यांची एक बी न्हाई. तुमी पैसे दिले असते, तर तुमच्या फसवणुकीत मीच जेलात गेले असते."

दुपारी नांदेडला वकिलाकडं जायचं. तिनंच ठरवलं.

फोन वाजला. अमृतराव. "पंचशीला तिकडं आली का?" मोरीत ती अंघोळ करत होती, बादलीभर पाण्यानं. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून मी फोनवर हात धरला.

मग हात काढला. "हाव, आली. आता इथंच राहणार."