उजवीकडची सात अक्षरं

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे तसं ठीकच आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई घर सोडून गेल्या. जिन्यातला दिवा अजून कोणी बदललेला नाही. मी खिडकीला नवे पडदे लावले, निळे.

पडद्यांबद्दल सांगायला मी सहा महिन्यांनी पत्र लिहीत नाही, हे तुला कळलंच असेल. मघापासून तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघून आले, एकदा पाणी प्यायले, एकदा उगाच. आता लिहितेच.

मे महिन्यात तू मला लिहिलं होतंस, "पंधरा दिवसांची रजा मिळतेय, मी येऊ का?" मी कोर्टातल्या कॉम्प्युटरवरून उत्तर दिलं, "नको". एवढंच. ना ताई, ना कारण. त्याच्या आधीही चार-पाच महिने माझी उत्तरं तसलीच होती. बरं. हो. बघू. तू एकदा विचारलंसही, "ताई म्हणायला जिभेला काटे टोचतात का गं?" त्यावरही मी "बरं" म्हणाले.

ताई, माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेल्या हिवाळ्यापासून नीट चालत नाहीत. आधी मुंग्या यायच्या. मग टाइप करताना कळ दाबली तरी दाबल्यासारखं वाटेना. आपल्या कीबोर्डवर त्या दोन बोटांच्या वाट्याला सात अक्षरं येतात: त, द, ज, ड, च, ट, य. "ताई"मधला त गेला. "ये"मधला य गेला. राहिलं काय, तर नको.

दुसरं बोट तिथवर नेता आलं असतं. पण नेताना दिसतं. कोर्टात साक्षीदार बोलतो तशी मी जबानी टाइप करते. तिथे माझी बोटं अडखळली की दहा जणांना कळतं. म्हणून मी काय केलं, तर जबानी ज्या एडिटरमध्ये लिहिते, त्यात कळांची अदलाबदल करून घेतली. डावीकडची कमी लागणारी चिन्हं उजवीकडे ढकलली आणि ही सात अक्षरं डाव्या हाताखाली आणली. महिनाभर घरी घोटवून घेतलं. पुढे माझा वेग पूर्वीइतका झाला, कोणाला पत्ता लागला नाही. पण ही सोय त्या एडिटरपुरतीच, आणि तीही माझ्या नावाने उघडला तरच. बाहेर, मेसेजच्या चौकटीत, कीबोर्ड जुनाच. तिथे मला सात अक्षरं कमी होती.

तू म्हणशील, घरी येऊन फोनवर अंगठ्याने लिहायचं होतंस. हो. पण फोनवर मी ऑनलाइन दिसले की तू लगेच कॉल करतेस, आणि मला तुझ्याशी बोलताना खोटं जमत नाही. तू दोन मिनिटांत काढून घेतलं असतंस. मग म्हणाली असतीस, अण्णांसारखं तर नाही ना? तेच मला ऐकायचं नव्हतं. अण्णांच्या हातातून पहिल्यांदा चमचा पडला तेव्हा आपण दोघी हसलो होतो. पुढची सहा वर्षं तू पत्रातून वाचलीस, मी त्यांना भरवलं. हे टोचून म्हणत नाहीये. मला माहीत होतं ते कुठवर जातं, एवढंच.

सप्टेंबरात कोर्टाने नवा नियम काढला. एडिटर बंद, जबानी थेट कोर्टाच्या फॉर्ममध्ये लिहायची. मग मी तीच अदलाबदल सगळ्या कॉम्प्युटरलाच लावली. सकाळी आले की चालू करायची, दुपारी उठताना बंद. त्या दिवसापासून मला कुठेही काहीही लिहिता येत होतं. "ताई, ये" सुद्धा. लिहिलं नाही. म्हणजे दोष कीबोर्डचा नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्याच टेबलावर, त्याच कॉम्प्युटरवर, दुपारी माझी जोडीदारीण बसते. आम्ही तिला दुपारचीच म्हणतो. सव्वीस सप्टेंबरला मी बंद करायला विसरले. त्या दिवशी साक्षीला एक बाई होती, चाळिशीची. नवऱ्याने काय काय केलं ते सांगायला उभी होती. हातातल्या रुमालाची गुंडाळी करून ती एका दमात बोलत होती. दुपारची तिच्याकडे बघत टाइप करत होती. आम्ही स्क्रीनकडे बघतच नाही. पंधरा मिनिटांनी न्यायाधीशबाईंनी आपल्या स्क्रीनवर मजकूर उघडला. सगळा चुथडा. एक वाक्य लागेना.

"हे काय लिहिलंय?" त्या म्हणाल्या. "टाइप येत नसेल तर तसं सांगा."

दुपारची म्हणाली, "मॅडम, मी बरोबर लिहिलंय, शपथेवर सांगते."

मग त्यांनी साक्षीदार बाईला म्हटलं, "पहिल्यापासून सांगावं लागेल."

ती म्हणाली, "आता नाही होणार माझ्याच्याने." आणि पिंजऱ्यातून खाली उतरली.

मी मागच्या बाकावर होते, ताई. एक फाइल न्यायला थांबले होते. मला पहिल्या सेकंदाला कळलं. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी फाइल छातीशी धरून बाहेर आले. संध्याकाळी सगळे गेल्यावर आत जाऊन ती अदलाबदल बंद केली, म्हणजे पुरावाही पुसला. दुपारचीला लेखी नोटीस मिळाली. तीन दिवस ती माझ्याशेजारी डबा खात विचारत होती, "माझ्याच हाताला काय झालं असेल गं?" आणि स्वतःची बोटं उलटसुलट करून बघत होती.

चौथ्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. न्यायाधीशबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "ती बाई परत आली नाही तर ते कोणाच्या माथी?" मी म्हटलं, माझ्या. त्यांनी नोटीस मागे घेतली, मला टेबलावरून उठवलं आणि डॉक्टरचा कागद आणायला सांगितलं.

ती बाई परत आली. बारा दिवसांनी. पुन्हा पहिल्यापासून बोलली. दुपारचीने टाइप केलं. मी बाहेर जिन्यात बसून होते, आत जायची हिंमत झाली नाही. दुपारची अजून माझ्याशी बोलत नाही. मी तरी कुठे बोलले असते.

डॉक्टरांनी कोपर दाबलं, अंगठ्याजवळचा खळगा बघितला. म्हणाले, "कोपरात नस दबलीय."

"अण्णांसारखं नाही?"

"कोण अण्णा?"

मी वडिलांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याचा काही संबंध नाही. हे साधं होतं. सुरुवातीलाच आला असतात तर पूर्ण सुटलं असतं. आता स्नायू सुकलाय. ऑपरेशन करू, पण ताकद किती परत येईल ते सांगत नाही."

जवळजवळ एक वर्ष, ताई. मी कळा हलवत बसले.

ऑपरेशन तेवीस तारखेला सकाळी आहे. दवाखान्याने एक फॉर्म दिला होता. त्यात "सोबत राहणारे जवळचे नातेवाईक" अशी एक ओळ आहे. ती रिकामी ठेवली तर चालतं का, असं मी खिडकीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, चालत नाही. मी तुझं नाव आणि नंबर लिहून दिला. तुला न विचारता. रागावली असशील तर रागावलेलीच ये.

तुझी,
धाकटी