शेवटच्या वस्तीचं पाणी

सरस्वतीपुरम, म्हैसूर
१४ मे २०२५

ती. मालोजीकाकांना अदितीचा सा. न. वि. वि.

इकडे उकाडा फार आहे. तुमची काव्या पुन्हा कॉलेजला जाऊ लागली असं कळलं, बरं वाटलं. परवा तुमच्या फाटकापर्यंत आले होते. तिने मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. बरोबरच केलं.

काका, चौदा वस्त्यांच्या बोअरवेल बंद करून सगळ्यांना नदीच्या एकाच योजनेवर जोडायचं, हा हिशेब माझा. चौदा मोटारी, चौदा वीजबिलं, जागोजागची दुरुस्ती, यापेक्षा एक शुद्धीकरण केंद्र स्वस्त पडतं. ते खोटं नव्हतं. तेरा वस्त्यांना आज खरंच चांगलं पाणी मिळतंय. पण तुमची वस्ती टोकाची. साठ घरांसाठी नऊ किलोमीटर पाइप.

तेव्हा तुम्ही तुमच्या कानडी ढंगात म्हणाला होतात, "मॅडम, जुनी मोटार राहू दे स्वल्प. मोठा पाइप फुटला की आमच्यापर्यंत कोण येतंय?"

मी ते लिहिलं होतं. जुन्या बोअरवेल राखीव ठेवा म्हणून एक पूर्ण पान. पण तो खर्च धरला की दर घरामागचा आकडा मंजुरीच्या मर्यादेच्या वर जात होता. साहेब म्हणाले, पान काढा. मी काढलं. मोटार भंगारात गेली.

एप्रिलमध्ये पाइप फुटला. आठव्या दिवशी रुक्मिणीकाकू पाण्यासाठी पाणी साठलेल्या दगडखाणीत उतरल्या आणि पाय घसरून बुडाल्या. हे मी तुम्हाला काय सांगतेय? त्यांना वर तुम्हीच काढलंत.

जे सांगायचं त्यासाठी तीन पत्रं फाडली. चौकशीच्या अहवालात लिहिलंय की राखीव मोटार होती, ती वस्तीला पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमन मालोजीरावांनी परस्पर विकली. त्याखाली माझी सही आहे. माझ्या नवऱ्याची, अमेयची, नोकरी गेलीय, घर माझ्या पगारावर चालतं. हे कारण तुम्हाला लिहायचीही लाज वाटते.

सोबत ते काढलेलं पान आहे, आणि मोटार भंगारात काढायच्या आदेशाची प्रत. पुढच्या गुरुवारच्या सुनावणीत मी खरं बोलायचं ठरवलंय. पण सहीच्या आदल्या दिवशीही मी नाही म्हणायचंच ठरवलं होतं. म्हणून हे कागद तुमच्याकडे असू देत. मी डगमगले तर सगळ्यांसमोर ठेवा. माझी गय करू नका.

क्षमा मागायचा हक्क नसलेली,
अदिती