वास्तूची मुखशुद्धी

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. सांगलीहून निघालेली एसटी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून वरातीत चालावं तशी चालत होती. पण ‘विजयदीप’च्या फाटकाशी उतरले आणि शीण पळाला. घर छान आहे. म्हणजे, छान होण्यासारखं आहे. कराडच्या बाहेर, मागे कालवा, पुढे पेरू, दोन मजले, आणि गिलाव्यावर ओलीचा असा भला थोरला डाग की नीट पाहिलं तर त्यात आफ्रिका खंड दिसतो.

आयुष्यभर कॉलेजात मुलांकडून धातुरूपं घोकून घेतली. आता रविवारच्या पुरवणीत ‘नांदतं घर’ या सदरातून ओल, वाळवी आणि गळके नळ यांवर उपदेश करते. ऐकणारे दोन्हीकडे तेवढेच. तरी हल्ली लोक विकायचं घर सजवायला मला बोलावतात. या घराचा मालक विश्वजीत पुण्यात इंजिनिअर आहे. सोळा तारखेला, रविवारी, खंडाळ्याचं एक जोडपं घर बघायला येणार. तोवर मी इथंच मुक्कामाला. फोटो काढायला रविवारी सकाळी साताऱ्याहून माझी रेश्मा येईल. तिचा तिथं स्टुडिओ आहे. मायलेकी मिळून एखादं काम प्रथमच करतोय, त्यामुळे मी जरा फुशारलेच आहे.

विश्वजीतची आई, विजयमालाबाई, नवरा गेल्यावर, म्हणजे सुभेदारांच्या माघारी, इथं एकट्या राहतात. धुळीचा त्रास नको म्हणून आजच भावाकडे फलटणला गेल्या. घरात असेतो चकार शब्द बोलल्या नाहीत. सगळं हातवाऱ्यांनी. मौनव्रत असावं. विश्वजीतला फोनवर म्हटलं, तुझ्या आईसारखी विद्यार्थिनी मला एकही मिळाली नाही. निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, आग्नेय कोपऱ्यातल्या भल्या जाड दगडी पाट्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. मी ओळखलं: हा भंगारात देऊ नका. छातीवर हात ठेवून मी शब्द दिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

घर बघायला येणारा माणूस आधी नळ सोडतो, मग छताकडे बघतो, मग कोपऱ्यांत डोकावतो. विकणारा मात्र सोफ्याचं कापड बदलून मोकळा होतो. म्हणून मी उलटी सुरुवात केली. नळांचे वायसर बदलले. स्विचबोर्डांवरचे बोटांचे काळे ठसे पुसले. भिंतीवरचे खिळे उपटून भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. सुभेदारांचे हारासकट सगळे फोटो ट्रंकेत गेले. घेणाऱ्याला या घरात स्वतःची माणसं दिसली पाहिजेत, दुसऱ्याची नव्हेत, आणि मेलेली तर मुळीच नव्हेत.

फरशीला बिराप्पा आहे, जतकडचा. रंगाला सूरज, इथलाच. दोघं जिवलग, म्हणून दिवसभर एकमेकांचा उद्धार चालतो. सूरजनं ओल्या फरशीवर पाय दिला की बिराप्पा त्याच्या सात पिढ्या काढतो. सूरज म्हणतो, गड्या, आठवी र्‍हायली, तीबी काढ. 

८ नोव्हेंबर, शनिवार

कोपऱ्यातला पाटा दोघांनी उचलून परसात नेला. शब्द दिल्याप्रमाणे पेरूखाली, गोणपाटात गुंडाळून जपून ठेवलाय. खालची फरशी पोकळ वाजत होती. पोकळ फरशी हा माझ्या सदरातला आवडता विषय. बिराप्पानं ती काढली आणि आत हातभर खड्ड्यात तांब्याची वास्तुप्रतिमा मिळाली. वास्तुशांतीला पुरतात ती. त्यात काही नवल नाही. पण वास्तुपुरुष शास्त्राप्रमाणे पालथा हवा, तो इथं उताणा. आणि तोंडात कुणीतरी काळी लाख ठासून भरलेली.

असला गावठीपणा माझ्या देखत चालणं शक्य नव्हतं. चिंच आणि मीठ लावून प्रतिमा लख्ख केली, सुईनं टोकरून लाख काढली. तोंड बरंच मोठं निघालं. वास्तूची मुखशुद्धी झाली म्हणून स्वतःशीच हसले. वास्तोष्पतीचं सूक्त येतं तेवढं म्हटलं, प्रतिमा पालथी ठेवली. बिराप्पानं वरून सिमेंटचा पक्का थर देऊन नवी फरशी बसवली. काम असं की सांधा शोधून सापडू नये. त्याला शाबासकी दिली.

१० नोव्हेंबर, सोमवार

नीट लिहिते.

सकाळी सूरजचा डबा कलंडला आणि नव्या फरशीवर रंगाचा ओघळ गेला. बिराप्पा नेहमीसारखा ओरडला, टकुरं फोडीन तुजं. सूरज नेहमीसारखा हसला, फोड की, म्हणाला. मीही हसले. बिराप्पानं बाजूची हातोडी घेतली, सूरजच्या मागे शांतपणे चालत गेला आणि मारली. एकदा नव्हे. मी किंचाळत त्याच्या दंडाला लोंबकळले, तर मला घेऊनच हात वर गेला. बिराप्पा रडत होता, मोठमोठ्यानं. मला म्हणत होता, बाई, धरा मला, धरा की वं.

सूरज दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. बिराप्पाला पोलिसांनी नेलं. तो सारखा आपल्या हाताकडे बघत होता.

विश्वजीत पुण्याहून आलाय. 

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगलीला परत जावं असं मनात आलं. विश्वजीतनं हात जोडले: ताई, तुम्ही गेलात तर हे घर असंच पडणार आणि आई इथंच एकटी कुढत मरणार. राहिले. भिंतीवरचे शिंतोडे मीच खरवडले. कॉलेजात असताना फळा पुसायचे, तसे.

संध्याकाळी रेश्माचा फोन आला. मला हसवायला म्हणाली, स्टुडिओत माझं सदर ठेवलंय, रडकी पोरं ते वाचून दाखवलं की झोपतात. कितीतरी वेळानं हसू आलं. म्हटलं, ये तर खरी रविवारी, मान मुरगाळते तुझी. ती खिदळली, मीही. ओट्याशी उभी होते. पायाखालची फरशी कोमट वाटली. उन्हानं असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लालासाहेब हे इथले दलाल. खंडाळ्याच्या जोडप्याला त्यांनी फोन करून सांगितलं की घरात खून झालाय. खोटं ते काय होतं त्यात? पण विश्वजीत स्वयंपाकघरात चहाचा कप आपटून म्हणाला, जीभ हासडून हातात देतो त्याच्या. असं आपण सगळेच म्हणतो.

मग तो उठला. नळाच्या पिशवीतली पक्कड घेतली. मी विचारलं, कुठला नळ गळतोय? तो म्हणाला, ताई, दार लावा, मला जाऊ देऊ नका. आणि गेला.

लालासाहेब गाडीतच बसले होते, फाटकासमोर.

सगळं लिहीत नाही. त्यांच्या हातात दिली. खरोखर हातात दिली, आणि मूठ मिटवली वरून. लालासाहेब जिवंत आहेत म्हणतात.

विश्वजीतला नेताना त्यानं एकच सांगितलं: आईला बोलवा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विजयमालाबाई आल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, कोपरा पाहिला आणि भिंत धरली. मग माझं मनगट धरून मला ओढत फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे नेलं आणि तिथं पहिल्यांदा बोलल्या. आवाज गंजलेला.

“आवं बाई, काय केलंसा ह्ये! त्येच्या तोंडात लाख मी भरली हुती. ह्या हातानं.”

वास्तू तथास्तु म्हणते, घरात वाईट बोलू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या म्हणाल्या, बाकीच्यांची वास्तू बरंवाईट सगळं ऐकते, ‘आमची फकस्त रागातलं ऐकती, मग ती मस्करी का असंना. आन् करून घेती, बोलनाऱ्याच्याच हातनं.’ सुभेदार धाकट्या भावाला म्हणाले, विहिरीत ढकलीन. भाऊ घाबरून मिरजेला पळाला. सुभेदार मागोमाग गेले, रडत गेले, आणि तिथली विहीर शोधली. पुढं लहानग्या विश्वजीतवर चिडून या स्वतःच म्हणाल्या, आज जित्ता ठेवत न्हाई. हात त्याच्या नरड्याला लागले होते. सुभेदारांनी फरशी उखडून प्रतिमा वर काढली, उताणी केली, आणि यांनी पोराच्या गळ्यावरचा एक हात दातांनी सोडवून तिच्या तोंडात कढती लाख ओतली. तेव्हा दुसरा सुटला. तेव्हापासून वर जड पाटा, आणि घरात बोलणं बंद. माणसाची जीभ कवा घसरंल, न्हाई सांगता येत, म्हणाल्या.

मी म्हटलं, पाट्याकडे बोट दाखवलंत, मग दोन शब्द इथं बाहेर येऊन सांगायचे होते. म्हणाल्या, सांगितलं आस्तं तर तुमी हसला आस्ता. 

हसले असते.

मग मी त्यांना मंगळवारचा फोन सांगितला: ये तर खरी, मान मुरगाळते तुझी. ‘ती यायचीच वाट बघत्यात ह्ये हात,’ म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि आपला हात मागे घेतला.

रात्री

रेश्माला फोन केला. रस्त्यावर उभी राहून केला. येऊ नकोस म्हटलं. रविवारीच काय, मी सांगेपर्यंत माझ्यासमोर येऊ नकोस. का विचारलं. सांगितलं, जेवढं सांगता आलं. मग म्हणाली, आई, तुझा आवाज मला बरा वाटत नाहीये, मी उद्या सकाळीच येते. ओरडले, तर म्हणाली, बघ, तू अशी कधी ओरडत नाहीस. आता फोन उचलत नाही. 

कुठंतरी निघून जाऊ? सुभेदार मिरजेला गेलेच की. हे पाय मला साताऱ्याला नेतील.

प्रतिमा काढायची. दुसरा उपाय नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

विजयमालाबाईंनी कासाराकडून लाख आणली. चुलीवर वितळतेय. त्या स्वतः फाटकाबाहेर उभ्या आहेत, रेश्माला अडवायला. मी दार आतून लावून फरशी फोडतेय.

बिराप्पाचं काम. कुठून छिन्नी घालू? सांधाच सापडत नाही.

फरशी फुटली. खाली सिमेंट. दगड झालाय त्याचा.

थोड्या वेळानं

बोटं सोलली. तांब्याची कड दिसतेय. एवढीशी. अजून थोडं —

छिन्नी सुटली. सुटली नाही, हातानं खाली ठेवली. व्यवस्थित, भिंतीला लावून. मी ठेवली नाही.

पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. मग दोन्ही हात नळाखाली गेले. साबण लावून स्वच्छ धुतले. नखांतली माती काढली. पुसले.

मी नुसती बघत होते.

मग कळलं: उजव्यात पेन दिलं की तो लिहितो. माझं ऐकतो. आयुष्यभराची सवय. डावा ओट्याखालच्या पाइपला दोरीनं बांधलाय, दात लावून गाठ मारली. उजवा लिहीत राहिला तर —

स्कूटर. पुढून नाही. मागून, कालव्याच्या रस्त्यानं. बाई पुढे उभ्या आहेत —

मागचं दार वाजतंय. आई, म्हणते.

ओरडले. पळ म्हटलं. जा म्हटलं, इथून जा. हसली. म्हणाली, नाटकं पुरे, चहा टाक.

लिही. काहीही लिही. ओलीला आधी बाहेरून डांबर, मग आतून लांबी. वाळवीला रॉकेल. दरवाजा कुरकुरला तर बिजागरीत तेल, दोन थेंब. खिडकीच्या काचा कागदानं. नळाचा वायसर वर्षातून एकदा —

लाख करपतेय. वास येतोय. हात पोचत नाही. पोचतो पण जात नाही.

डावा सुटला. गाठ सोडवली त्यानं, शांतपणे, वेणी सोडावी तशी. कडीकडे —

रेश्मा दाराला खांदा लावतेय. आई, तू रडतेयस का? घाबरली आता. घाबर. घाबरून जा. जात नाही. मला सोडून जात नाही ती, कधीच गेली नाही.

तांबं पुसायला चिंच, मीठ, मग राख, मग सुती फडकं, उजव्या, लिही रे, लिही, पितळेला लिंबू, लोखंडाला —

कडी निघाली.

ऊन आलं आत. ती आली. जवळ घ्यायला येतेय, हात पसरून. केस बारीक कापलेत हिनं. मला सांगितलंही नाही. मान किती