पेन्सिलवालीची हार

नाशिक, १२ डिसेंबर १९९६, संध्याकाळ

पाटीवर पेन्सिल कर्र वाजायची आणि मास्तरांमागे अख्खा वर्ग कविता म्हणायचा. तो आवाज आज कानातून जात नाही. कवी व्हायचं होतं, झालो रहस्यकथावाला, दोनशे पुस्तकांचा! खंत? आज तरी मुळीच नाही.

वाचनालयातल्या माझ्या प्रत्येक पुस्तकात कुणीतरी निम्म्यावरच, समासात, पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहितं. वीस वर्षं, आणि दर वेळी बरोबर! ग्रंथपाल चिडवायचे, "अण्णा, तुमच्यापेक्षा तुमचा वाचक हुशार." जिव्हारी लागायचं.

म्हणून या खेपेस, नव्या पुस्तकात, मन घट्ट करून कवितेच्या मास्तरांनाच खुनी केलं. (मास्तर, माफ करा.) आज वाचनालयातली प्रत उघडली. समासात पेन्सिलीने 'डॉक्टर'! शेवटच्या पानावर त्याच अक्षरात 'हार मान्य'. मी तिथेच टाळी वाजवली.

"अण्णा, शांतता!" ग्रंथपाल ओरडले.

एवढं लिहितोय तोच कडी वाजली. दारात सत्तरीच्या एक अनोळखी बाई, कानावर पेन्सिल.

"मास्तरांवर संशय घेववेना हो," त्या म्हणाल्या. "जिंकलात. आता पुढचं कधी?"

त्यांना बसवलंय. चहा टाकतो.