ताईच्या दिवसाची चाचणी

३ तारीख, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. रुग्णालयाच्या तळघरात मला स्वतंत्र खोली मिळाली आहे, थंडगार आणि स्वच्छ. रुग्णांच्या नोंदींची संगणकावर नवी सिस्टम बसवायची आहे. तिला किती सर्व्हर लागतील, किती ताकदीचे, हे मी ठरवायचं. प्रशासकांनी स्वतः चहा पाजला. माणूस हसरा आहे, सगळ्यांना 'राजे' म्हणतो.

माझी ताई इथेच तिसऱ्या मजल्यावर वारली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जुनी सिस्टम अडकली होती. रक्ताचा रिपोर्ट लॅबमध्ये तयार होता, पण वॉर्डमधल्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि डॉक्टरांना औषध ठरवता आलं नाही. म्हणून तर ही नोकरी घेतली. दोन सर्व्हर ठेवायचे. एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. तेवढं झालं की मला झोप लागेल.

५ तारीख, बुधवार

प्रशासकांनी दुसरा सर्व्हर खोडला. म्हणाले, राजे, हा काय जावईबापू आहे का, नुसता बसून खाणार? बैठकीत सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज न चढवता म्हटलं, जुन्या सिस्टमवरचा सर्वांत गर्दीचा दिवस घेऊ. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी त्याच क्रमाने नव्या सर्व्हरवर पुन्हा चालवून बघू. एकट्याला झेपलं नाही तर दुसरा घ्यायचा. ते कबूल झाले.

सर्वांत गर्दीचा दिवस ताईचाच निघाला. मला तोच हवा होता.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी चाचणी सुरू केली. सर्व्हर अजून वॉर्डांना जोडलेलाही नाही. दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेलो तर मोठ्या सिस्टर कपाळाला हात लावून उभ्या. म्हणाल्या, आज सगळ्यांना झालंय तरी काय? पाच नंबरचे आजोबा काल ठणठणीत होते, त्यांना ताप. दाराजवळच्या बाईंना उलट्या.

खाली येऊन पाहिलं. पाच नंबर, ताप. दाराजवळची खाट, उलट्या. त्या दिवशीच्या नोंदी, त्याच क्रमाने.

चाचणी थांबवली. थोड्या वेळात आजोबांचा ताप उतरला.

प्रशासक म्हणाले, योगायोग. चाचणी अर्धवट सोडलीत तर एकच सर्व्हर येईल.

८ तारीख, शनिवार

ताईच्या खाटेवर एक तरुण बाई आहे. धाकटा भाऊ उशाशी बसून तिला हसवत होता. मला म्हणाला, दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? जरा बघा, आमच्या ताईला सोमवारी सोडणार आहेत का. मी बघतो म्हटलं.

प्रशासकांना सगळं सांगितलं. माझ्या ताईचंसुद्धा. म्हणाले, दुःख मी समजू शकतो, सुटी घ्या. चाचणी पुरवठादाराची माणसं पूर्ण करतील. त्यांचा गळा धरावासा वाटला. हात टेबलाखाली दाबून बसलो.

१० तारीख, सोमवार

सुरू केली त्यांनी. मी प्लग उपटला. दिवे तसेच लुकलुकताहेत—

वर पळालो. पाच नंबरला ताप. दाराजवळ उलट्या. मग ताईच्या खाटेवरची ती. ताईसारखाच श्वास. रक्त लॅबला गेलंय. स्क्रीनवर चक्र.

दुपार

रिपोर्ट तयार असणार. लॅब खालच्याच मजल्यावर. स्वतः जाऊन आणतो म्हटलं तर पाय उचलत नाहीत. त्या दिवशी इथेच, याच दारात, एक कॉम्प्युटरवाला उभा होता. मी विचारायचो आणि तो म्हणायचा, थोडं थांबा, सिस्टम येतेय. हलकट. आम्ही थांबलो.

आता हा पोरगा मला विचारतोय. मी ओरडायला तोंड उघडलं, पळ, रिपोर्ट आण—

थोडं थांबा, म्हणालो. सिस्टम येतेय.

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच निघालं तोंडातून—

हात अजून माझा आहे. लिहून त्याला दाखवतो. बाळा, कुणाचं ऐकू नकोस, माझंही नाही, खाली लॅबमध्ये जा, रिपोर्ट हातात घे आणि पळत ये, आत्ता, थोडं थां